मुंगसाच्या मागावर: इंग्रजी प्राणिनावाचं मूळ कसं शोधावं

बडोद्यातल्या मराठी घरात एकाच प्राण्याला तीन नावं असतात. दांडिया बाजारात आमच्या मागच्या भिंतीवरून ते करडं, लांबट जनावर सुर्रकन गेलं की शेजारच्या बेन म्हणतात, "नोळियो गयो." आमच्या तोंडी येतं 'मुंगूस'. आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी नात म्हणते 'मंगूस'. पहिलं नाव बाकीच्या दोघांना ओळखसुद्धा देत नाही. दुसरं आणि तिसरं मात्र सख्खी भावंडं वाटतात. "आजोबा, मग इंग्रजांनी आपला शब्द घेतला की आपण त्यांचा?" असं तिनं विचारलं. उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण मला ते काढायची रीत सांगायची आहे, कारण ती एकदा हाताला बसली की कुठल्याही प्राण्याच्या नावाला लावता येते.

मी भाषाशास्त्री नाही. रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लग्नपत्रिकांपासून कॉलेजच्या गाइडांपर्यंत मराठी, गुजराती, इंग्रजी सगळी प्रुफं नजरेखालून गेली. त्या कामात एक खोड लागते: छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, मूळ प्रत मागायची. पुढे सांगतो त्यात या खोडीपलीकडे फारसं काही नाही.

आधी प्राणी नक्की करा. हे सांगायला नको असं वाटतं, पण बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. प्राणी आपल्या जागी असतो, नाव मात्र जहाजात बसून कुठेही जातं. आपल्या कुंपणातलं करडं मुंगूस म्हणजे शास्त्रीय भाषेत उर्वा एडवर्डसी. जुन्या पुस्तकांत तेच हर्पेस्टिस एडवर्डसी असतं. पण 'मंगूस लेमूर' नावाचाही एक प्राणी आहे. तो मादागास्करच्या बाजूचा, झाडावर राहणारा, माकडांचा दूरचा नातेवाईक. लिनियसनं १७६६ साली त्याला 'लेमूर मोंगोझ' असं नाव दिलं. मुंगसाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या घुशीचं तर याहून मजेशीर आहे. तेलुगूत तिला 'पंदिकोक्कु' म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचं 'बँडिकूट' केलं आणि पुढे ऑस्ट्रेलियात लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला भलताच प्राणी दिसला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटवलं. आज जगात 'बँडिकूट' म्हटलं की बऱ्याच लोकांना तो ऑस्ट्रेलियातलाच आठवतो. म्हणून वहीत पहिली ओळ शास्त्रीय नावाची हवी. ती नसेल तर तुम्ही घुशीचा माग काढत काढत सिडनीला पोहोचाल.

मग आजच्या स्पेलिंगवर हात ठेवा आणि ते विसरा. इंग्रजी 'मंगूस'च्या शेपटीला जी-ओ-ओ-एस-ई ही अक्षरं आहेत, आणि त्यांचा सुटा अर्थ होतो हंस किंवा बदक. शाळेतल्या मुलांना हे दिसतं आणि ती लगेच गोष्ट रचतात: मान हंसासारखी लांब म्हणून, चाल बदकासारखी म्हणून. गोष्टी छान असतात, पण जुन्या छापील पुस्तकांतली स्पेलिंगं पाहिली की त्या गळून पडतात. तिथे कधी एम नंतर यू आहे, कधी ए आहे, कधी ओ. शेवट कधी ओ-ओ-एस वरच थांबतो, आणि 'मुंगो' असा तोकडा अवतारही सापडतो. लिहिणारा प्रत्येक जण कानाला ऐकू आलं तसं उतरवत होता. पुढे ओळखीच्या 'गूस'च्या वळणावर शब्द स्थिरावला. माणूस अनोळखी आवाजात ओळखीचा शब्द ऐकतोच. आपल्याकडच्या पहारेकऱ्यांनी 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदार' केलं ते असंच. इंग्रजीचं व्याकरण मात्र फसलेलं नाही. हंसाचं अनेकवचन 'गीस' होतं, मुंगसाचं होतं 'मंगूसेस'. 'मंगीस' कुणी लिहिलं तर मास्तर लाल रेघ मारतील, आणि ती बरोबर असेल. अनेकवचन हा असा साक्षीदार आहे की त्याला पढवता येत नाही. ज्या नावाबद्दल शंका असेल त्याचं अनेकवचन जरूर बघा.

आता कोश. एकच कोश उघडून मिटणं म्हणजे एकाच प्रुफावर पुस्तक छापणं. इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांसाठी सगळ्यात आधी 'हॉब्सन-जॉब्सन' बघा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला हा कोश १८८६ साली निघाला. त्याचं नावच एक धडा आहे: मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झालं. कोशाचं बारसं अपभ्रंशानं करायला विनोदबुद्धी लागते, आणि यूलसाहेबांकडे ती होती.

हा कोश फोनवर फुकट वाचता येतो. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत तो आहे, आणि तिथेच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश ही सगळी मंडळी शेजारी शेजारी आहेत. ज्यांना कागदच लागतो (मी त्यातलाच) त्यांनी आपल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत चक्कर टाकावी. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल १९१० साली बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. नातीला पुस्तकांपेक्षा ती जमीन जास्त आवडली, तेही चालेल.

तर मुंगसाबद्दल कोश काय म्हणतात? भांडतात. हॉब्सन-जॉब्सन सांगतो, शब्द तेलुगू आहे, 'मंगिसु' किंवा 'मुंगीस'. पण त्याच नोंदीत तो हेही कबूल करतो की, जर्डनच्या मते 'मंगूस' हा दख्खनी आणि मराठी शब्द आहे. हा जर्डन म्हणजे भारतातल्या सस्तन प्राण्यांवर १८६७ साली पुस्तक लिहिणारा डॉक्टर. ऑक्सफर्डचा मोठा कोश मराठीकडे बोट दाखवतो. इतर कोश म्हणतात, मराठीसारख्या एखाद्या भाषेतून, कदाचित पोर्तुगीजांच्या मार्फत, आणि मुळात बहुधा द्राविडी.

नवखा माणूस इथे गोंधळतो, नाहीतर आपल्या आवडीचा कोश धरून बसतो. मराठी माणूस कुठला धरतो ते सांगायला नको. प्रत्यक्षात हे भांडण बरंचसं वरवरचं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. शब्द इंग्रजीत कुठून चढला, हा एक प्रश्न. तो जन्मला कुठे, हा दुसरा. सुरतेला गाडीत चढलेला उतारू सुरतेचाच असतो असं नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली ही एकच गोष्ट नीट शिकण्यासारखी आहे. हे दोन प्रश्न वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लागली की निम्मे वाद आपोआप मिटतात.

पहिल्या प्रश्नासाठी कोशातली अवतरणं वाचा. लोक व्युत्पत्ती वाचून पान उलटतात. खरा माल खाली बारीक टायपात असतो. तिथे साल असतं, लेखक असतो, पानाचा आकडाही असतो. हॉब्सन-जॉब्सनमध्ये मुंगसाखाली जॉन फ्रायर भेटतो. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७२ मध्ये निघाला आणि पुढची वर्षं मुंबई-सुरतेकडे आणि इराणात काढून परतला. थेट जुन्नरपर्यंतही गेला होता, म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीत. त्याचं पुस्तक १६९८ साली छापलं गेलं. मुंगूस म्हणजे फेरेटच्या नात्यातला प्राणी, अशी ओळख तो आपल्या वाचकांना करून देतो. आता त्याच्याकडे तीन प्रश्न घेऊन जा: हा माणूस कुठे राहिला, कुणाशी बोलला, आणि त्याच्या आधी तिथे कुठले युरोपी लोक होते? फ्रायर बराच काळ पश्चिम किनाऱ्यावर वावरला. तिथे त्याच्याआधी शे-दीडशे वर्षं पोर्तुगीज ठाण मांडून होते, आणि भोवती मराठी-कोकणी बोलणारी माणसं होती. मराठी आणि पोर्तुगीज हे दोन मुक्काम कोशकार का धरतात ते इथे कळतं. फ्रेंचमध्ये 'मांगूस्त' आणि जर्मनमध्ये 'मुंगो' आहे. तेही याच शब्दाचे दूरचे वंशज.

शब्द येण्याआधी तिथे काही नाव होतं का, हेही विचारावं. होतं. इजिप्तमधल्या मुंगसाला ग्रीक लोक 'इक्न्यूमन' म्हणत, म्हणजे माग काढणारा. युरोपातल्या विद्वानांच्या पुस्तकांत हाच शब्द चाले. भारतातून आलेल्या बाजारी शब्दानं त्या ग्रीक शब्दाला हळूहळू बाहेर काढलं, आणि आता तो इजिप्तच्या जातीच्या शास्त्रीय नावात आणि एका गांधीलमाशीच्या कुळात उरला आहे.

आता दुसरा प्रश्न, जन्माचा. इथे आपल्या शेजारच्या बेन कामाला येतात. शेजारच्या भाषांना विचारा. गुजराती नोळियो, हिंदी नेवला: दोन्ही संस्कृत 'नकुल'पासून आलेले, पांडवांतला नकुल तोच. टर्नरच्या कोशात ही भावकी एका नोंदीखाली सापडते. मराठी उत्तरेकडच्या या नात्यात असूनही तिचा रोजचा शब्द वेगळा आहे. मग दक्षिणेकडे बघा: कन्नडमध्ये 'मुंगि', 'मुंगिसि', तेलुगूत 'मुंगि', 'मुंगिस'. बरो-एमेनोंनी ही मंडळी एकत्र बांधली आहेत. चित्र स्पष्ट होतं. आपला शब्द दक्षिणेच्या घरचा दिसतो. मराठीच्या अंगात कानडी किती मुरलेली आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही, आणि कमीपणा तर मुळीच नाही. मोल्सवर्थ चाळताना शब्दापुढच्या कंसातली खूण पाहायला विसरू नका. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी यांची एकेक अक्षरी खूण तो देतो. छापखान्यात असली बारीक खूण गाळणाऱ्या कंपोझिटरला मी उभा करत असे.

घरगुती व्युत्पत्त्या याच पायरीवर तपासाव्यात. 'मुंग्या खातं म्हणून मुंगूस' हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. तपासणी सोपी. कन्नडमध्ये मुंगीला 'इरुवे' म्हणतात, तेलुगूत 'चीम'. मुंगूस शब्द मुंगीवरून पडला असता, तर ज्या भाषांत 'मुंगी' म्हणजे मुंगी नाहीच, त्या भाषांत 'मुंगि' म्हणजे मुंगूस कसं झालं? शिवाय हा प्राणी उंदीर, साप, अंडी, किडे, सरडे सगळं खातो. नाव ठेवणाऱ्याला मुंग्याच बऱ्या दिसल्या! नियम असा: व्युत्पत्ती फार गोड लागली की शेजारच्या भाषेत नेऊन तिची चव बघा.

शास्त्रीय नाव हा वेगळा धागा आहे. त्याचा बोलीतल्या नावाशी संबंध असेल किंवा नसेल, पण त्यात तारखा पक्क्या मिळतात, कारण कुणी कधी ठेवलं ते नोंदलेलं असतं. 'हर्पेस्टिस' ग्रीक, सरपटत जाणारा. 'उर्वा' हे नेपाळात राहिलेल्या ब्रायन हॉजसननं तिथल्या बोलीतून घेतलेलं. 'एडवर्डसी' हे अठराव्या शतकातला इंग्रज निसर्गचित्रकार जॉर्ज एडवर्ड्स याच्या नावावरून. आणि 'मुंगोस'? हा आपला शब्दही शास्त्रीय नावांत आहे, पण 'मुंगोस' प्रजातीतली मुंगसं फक्त आफ्रिकेत राहतात. पट्टेवाल्या आफ्रिकी मुंगसाचं नाव 'मुंगोस मुंगो', दोनदा आपलंच, आणि भिंतीवरच्या आपल्या मुंगसाच्या वाट्याला नेपाळी नाव आणि इंग्रजी चित्रकार. नामकरणाच्या नियमांत न्याय वगैरे बसत नाही, आधी कोणी छापलं एवढंच बसतं.

एक वनस्पतीही या नावात गुंतली आहे. साप चावला की मुंगूस रानात जाऊन मुंगूसवेल खातं आणि बरं होतं, ही समजूत आपल्याकडे आजही ऐकू येते. ती युरोपात इतकी पोहोचली होती की लिनियसनं १७५३ साली एका झुडपाचं नाव 'ओफिओऱ्हायझा मुंगोस' ठेवलं. पहिल्या शब्दाचा अर्थ सर्पमूळ. मुंगूस वाचतं ते चपळाईनं आणि त्याच्या स्नायूंत नागाचं विष नीट चिकटत नाही म्हणून, वेलीमुळे नाही. पण शब्दाचा माग काढताना खोट्या समजुतीही टिपून ठेवाव्यात, कारण नावं त्यांच्यावरूनही पडतात.

आता थोडं विश्वामित्रीकडे वळू, कारण बडोद्यात प्राण्याचं नाव काढलं आणि मगर आली नाही असं होत नाही. पावसाळ्यात नदी फुगली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघते, आणि इंग्रजी बातमीत ती 'मगर क्रोकोडाइल' असते, फक्त स्पेलिंग एम-यू-जी-जी-ई-आर. तेच स्पेलिंग रस्त्यात लुटणाऱ्या भामट्याचंही आहे. लगेच कुणीतरी म्हणतो: दबा धरून झडप घालते म्हणून इंग्रजांनी तिला लुटारू म्हटलं. साफ चूक. मगर ही संस्कृत 'मकर'वरून आलेली आपलीच. लुटारूचा शब्द 'मग' म्हणजे तोंड या इंग्रजी बोलीतल्या शब्दावरून, बहुधा माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराच्या जुन्या पेल्यांवरून. तोंडावर ठोसा, मग हल्ला, मग लूट. दोन शब्द केवळ स्पेलिंगपुरते एका वेषात आले. एकसारखी दिसणारी नावं समोर आली की दोन्हींची पहिली अवतरणं वेगवेगळी काढा, गाठ सुटते. (आपणही फार सोवळे नाही: 'सुसर' हा शब्द ज्या 'शिशुमार'वरून आला तो संस्कृतात डॉल्फिनसारख्या जलचराचा होता.)

आणि घडियाल. नराच्या नाकाडावर घड्यासारखा गोळा असतो म्हणून ते नाव. पण युरोपातल्या पुस्तकांत त्याचं 'गाव्हियल' झालं, कारण कुणीतरी हस्तलिखितातला आर व्ही म्हणून वाचला, असं कोशकार मानतात. १८११ साली तीच चूक 'गाव्हियालिस' म्हणून प्रजातीच्या नावात गेली आणि नियमांमुळे कायमची बसली. चंबळेतल्या प्रत्येक घडियालाच्या शास्त्रीय नावात आजही ती न सुधारलेली चूक आहे. मला हे वाचून झोप आली नव्हती.

टिपण कसं ठेवायचं तेही सांगतो. पोस्टकार्डाएवढा कागद एका शब्दाला पुरतो. वर शास्त्रीय नाव. खाली सालवार स्पेलिंगं, प्रत्येकासमोर लेखक आणि तो कुठे होता ते. मग दोन रकाने: कुठून चढला, कुठे जन्मला. शेवटी 'नाकारलेल्या गोष्टी', त्यात मुंग्या आणि हंस. प्रत्येक विधानापुढे पक्कं, बहुधा किंवा शंका यांपैकी एक शब्द लिहा. मुंगसाच्या कार्डावर 'मराठी' पुढे बहुधा आहे, 'पोर्तुगीजांमार्फत' पुढे शंका, 'द्राविडी मूळ' पुढे बहुधा, आणि 'हंसाशी संबंध नाही' पुढे पक्कं. नातीला हे 'बहुधा' खटकलं, तिच्या प्रकल्पात ठाम उत्तराला जास्त गुण होते. मी बदलू दिलं नाही.

सरावासाठी पुढे 'लंगूर' घ्या. संस्कृत 'लांगूल' म्हणजे शेपूट, दुपारभरात हाती लागेल. मग 'जॅकल', तिथे तुर्की आणि फारसी मुक्काम ओलांडून 'शृगाल'पर्यंत यावं लागतं. 'ढोल' सगळ्यात शेवटी. इंग्रजीत आपल्या रानकुत्र्याला हेच नाव आहे, पण मराठीत तो कोळसून किंवा कोळशिंदा. कुणी कन्नड 'तोळ', म्हणजे लांडगा, पुढे करतात. मोठे कोश मूळ अज्ञात म्हणून थांबतात. त्या कार्डावर जन्माचा रकाना कोरा ठेवा, पेन्सिलीनंसुद्धा भरू नका.